साखर न घालता घरी ग्रॅनोला करताना मिश्रण बांधले कसे जाईल?

दारव्ह्याची सूनबाई: नमस्कार. नागपूरला शिकणाऱ्या मुलाने संक्रांतीला ग्रॅनोलाचे, म्हणजे ओट्स आणि दाण्यांच्या भाजलेल्या गोड, कुरकुरीत मिश्रणाचे, पाकीट आणले आणि सासऱ्यांना ते इतके आवडले की ते रोज दुधात मागू लागले. त्यांना मधुमेह आहे, आणि पाकिटावरील घटकांच्या यादीत ओट्सच्या लगेच मागे साखरेचे नाव दिसल्यावर मी ते बंद केले. घरी करताना पहिल्या खेपेला साखरेऐवजी गूळ घातला, तर तो कढईच्या तळाशी जळून कडू झाला. दुसऱ्या खेपेला गोड काहीच घातले नाही, तेव्हा गठ्ठे न होता निव्वळ भुसा उरला. आमच्याकडे ओव्हन नाही. गॅस, चूल आणि जाड लोखंडी कढई एवढेच आहे. कुणी करून पाहिले असल्यास कृपया सविस्तर सांगावे.

वर्धेकाठचा: ताई, ग्रॅनोलात साखर केवळ गोडीसाठी नसते. तापल्यावर तिचा पाक ओट्सना धरून ठेवतो आणि निवला की चिक्कीसारखा कडक होतो. ती काढली की हे काम दुसऱ्या कशाला तरी द्यावे लागते, आणि त्यासाठी आपल्याकडचे जवस उत्तम. तीन मोठे चमचे जवसाची पूड नऊ चमचे पाण्यात पंधरा मिनिटे भिजवली की अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकट बुळबुळीत लगदा होतो. त्यात एक पूर्ण पिकलेले केळे कुस्करून, दोन चमचे फल्लीतेल, दालचिनीची पूड आणि चिमूटभर मीठ घाला. दोन वाट्या ओट्स मंद आचेवर वास सुटेपर्यंत कोरडे भाजून घ्या, मग अर्धी वाटी भरडलेले फल्लीदाणे आणि पाव वाटी तीळ मिसळून हा लगदा हाताने चोळा. ज्वारीच्या लाह्या आवडत असतील तर त्या अगदी शेवटी, सगळे वाळल्यावर घालाव्यात, नाहीतर ओल धरून चिवट होतात.

एक फरक मात्र नीट लक्षात घ्यावा. साखरेचा पाक निवला की आपोआप कडक होतो, जवसाचा लगदा तसा होत नाही. त्यातील पाणी गेले तरच तो धरतो. म्हणून तव्यावर मिश्रण पातळ थापून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी शेकावे आणि नंतर कुरड्यांच्या वाळवणासारखे पातळ कापडाखाली कडक उन्हात ठेवावे. विदर्भातल्या एप्रिल-मे महिन्यांत ओव्हनची उणीव भासायचे कारण नाही! साखर नसल्याने रंगही उशिरा येतो, म्हणून तांबूस होण्याची वाट पाहू नये, वासावर जावे.

धानोऱ्याचा भाऊ: आमच्याकडे मोहफुले वाळवून ठेवलेली असतात. ती बारीक चिरून घातली तर गोडी येते आणि गूळही लागत नाही. चारोळीही छान लागते.

औषधदुकानातला: चारोळी अवश्य घालावी, मोहफुलांबद्दल मात्र सावध करावेसे वाटते. वाळलेल्या मोहफुलांत भरपूर साखर असते, खजुराच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असतो, आणि गूळ व मध यांनाही रक्त वेगळे ओळखत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली मोकळ्या साखरेसाठी, म्हणजे पदार्थात वरून घातलेल्या आणि मध, पाक, फळांचा रस यांतल्या साखरेसाठी, दिवसाच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी, शक्यतो 5 टक्क्यांच्या आत, अशी मर्यादा सांगितली, तेव्हा मधही त्यातच मोजला आहे. केळ्यातही साखर आहे, परंतु एवढ्या मिश्रणात एक केळे वाटले जाते. तरीही ओट्स हे धान्यच आहे; सासऱ्यांना वाटीभर न देता मूठभर द्यावे, दूध बिनसाखरेचे असावे, आणि गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी. पुन्हा पाकीट घेतलेच, तर घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असतात हे ध्यानात ठेवून पहिली तीन-चार नावे वाचावीत. ग्लुकोज सिरप किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असे लिहिलेले असले तरी ते साखरेचेच भाऊबंद समजावेत.

दारव्ह्याची सूनबाई: सर्वांचे आभार. काल करून पाहिले. थर जवळजवळ बोटाच्या पेराएवढा जाड झाल्याने कडा कुरकुरीत आणि मधला भाग ओलसर राहिला. तो तुकडे मोडून आज पुन्हा गच्चीवर परातीत पसरला, तेव्हा दुपारी चार वाजेपर्यंत मोडताना कटकन आवाज येऊ लागला. लाह्या शेवटी घातल्या. मोहफुले घातली नाहीत, मात्र चारोळी घातली. सासऱ्यांनी मूठभर चघळून सांगितले, "हा तं चिवडाच हाय, हळद तेवढी राह्यली." पुढच्या खेपेला थर निम्मा ठेवीन. जवसाची पूड फार दिवस ठेवली की खवट होते असा माझा अनुभव आहे, म्हणून ती लागेल तेवढीच ताजी कुटते. आता पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हा हे कसे वाळवावे, तेवढे कुणी सांगितल्यास बरे होईल.

वर्धेकाठचा: जुन्या कुकरच्या तळाशी मिठाचा बोटभर थर द्यावा, शिट्टी आणि रबर काढून तो दहा मिनिटे तापवावा, मग जाळीवर पातळ थापलेली ताटली ठेवून अगदी मंद आचेवर राहू द्यावी. झाकण किंचित कलते असावे, म्हणजे वाफ आत कोंडणार नाही. निवल्यावरच डब्यात भरा, आणि पावसाळ्यात एका वेळी आठवडाभर पुरेल एवढेच करा.