केलेब विल्यम्स, बेन जॉन्सन आणि 2025: बेअर्सचं आक्रमण यंदा तरी चालेल का?

नेपरव्हिलकर (धागाकर्ता)

सप्टेंबर तोंडावर आलाय, म्हणून आडपडदा न ठेवता मत मांडतो. अमेरिकन फुटबॉलमधल्या शिकागो बेअर्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, केलेब विल्यम्स या हंगामात पासचे 4,000 यार्ड पार करेल आणि बेअर्सचं आक्रमण लीगमधल्या पहिल्या दहांत येईल.

हे धाडसाचं विधान आहे. 4,000 यार्ड फेकणारा क्वार्टरबॅक कधीच न लाभलेला एनएफएलमधला (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) एकमेव संघ म्हणजे बेअर्स. एरिक क्रेमरने 1995 मध्ये केलेले 3,838 यार्ड हाच 2024 च्या हंगामापर्यंत संघाचा विक्रम होता. गेल्या वर्षी 5 विजय, 12 पराभव, 17 सामन्यांत जेमतेम 310 गुण आणि एकूण यार्डांत सगळ्यात शेवटचा नंबर. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकाने निवडलेला नवखा विल्यम्स 68 वेळा सॅक झाला, म्हणजे पास फेकण्याआधीच जमिनीवर आडवा पडला. आक्रमणाचे प्रशिक्षक वॉल्ड्रन नोव्हेंबरात गेले, त्याच महिन्याच्या अखेरीस मुख्य प्रशिक्षक एबरफ्लस. हंगाम चालू असताना मुख्य प्रशिक्षकाला काढायची वेळ या संघावर त्याआधी कधीच आली नव्हती.

एवढ्या गोंधळात पोराने 3,541 यार्ड, 20 टचडाऊन आणि फक्त 6 इंटरसेप्शन (बचावाने मधेच पकडलेले पास) केले. सलग 353 पास इंटरसेप्शनविना फेकले, नवख्यांमध्ये हा विक्रम आहे. आता त्याला नवा मुख्य प्रशिक्षक बेन जॉन्सन मिळालाय. याच माणसाच्या आक्रमणाने गेल्या वर्षी डेट्रॉइट लायन्सला लीगमधले सर्वाधिक, 564 गुण मिळवून दिले.

मिशिगनवासी

लायन्सचे सामने दर रविवारी बघतो, त्यामुळे जॉन्सनबद्दल आदर आहेच. पण तुमचं गणित मला पटत नाही. जॉन्सनचं डेट्रॉइटमधलं आक्रमण सेवेल, रॅग्नो, डेकर यांच्या ओ-लाइनवर, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या फळीवर, उभं होतं. आणि लायन्सचा जॅरेड गॉफ वेळेवर चेंडू सोडणारा क्वार्टरबॅक आहे. रिसीव्हर (पास झेलणारा) वळायच्या आत पास त्याच्या हातातून सुटलेला असतो. विल्यम्सची सवय बरोबर उलटी. पहिला रिसीव्हर मोकळा दिसला तरी तो आणखी मोठ्या संधीची वाट बघतो, मागे मागे पळतो आणि पाच यार्डांचं नुकसान पंधरावर नेऊन ठेवतो.

डेव्हिड कार आठवा. 2002 मध्ये ह्यूस्टनने त्यालाही पहिल्या क्रमांकाने घेतलं. पहिल्याच हंगामात 76 सॅक, 2005 मध्ये पुन्हा 68. तो त्यातून कधी सावरलाच नाही. एवढा मार खाल्लेल्या क्वार्टरबॅकची नजर रिसीव्हरवरून उडून अंगावर येणाऱ्यांकडे जाते. हे एका उन्हाळ्यात दुरुस्त होत नाही.

कोथरूडचा रात्रपाळीवाला

आमच्याकडे रविवारचा पहिला सामना रात्री साडेदहाला सुरू होतो आणि मी तो नेमाने बघतो. एक शंका. सॅक नक्की कोणाच्या खात्यात लिहायचा? क्रिकेटमध्ये रनआऊट झाला की दोघांपैकी चूक कोणाची यावर वाद चालतो, तसंच हे दिसतंय.

ओलाइनप्रेमी

@रात्रपाळीवाला, दोघांच्याही, म्हणून तर भांडण मिटत नाही. लाइन दोन सेकंदांत फुटली तर क्वार्टरबॅक काहीच करू शकत नाही. तीन-साडेतीन सेकंद चेंडू धरून बसला तर जगातली कुठलीही लाइन पुरत नाही. गेल्या वर्षी विल्यम्सच्या बाबतीत दोन्ही घडलं. मधल्या तीन जागांवर, म्हणजे दोन गार्ड आणि सेंटर, दबाव थेट समोरून येत होता. कडेने येणाऱ्या दबावातून क्वार्टरबॅकला पुढे सरकून वाट काढता येते. समोरूनच भिंत अंगावर आली की पाय रोवायलाही जागा उरत नाही.

या हिवाळ्यात संघाने नेमका तिथेच पैसा ओतला. कॅन्सस सिटीकडून जो थूनी, रॅम्सकडून जोना जॅक्सन, अटलांटाहून सेंटर ड्र्यू डालमन. तिघेही अनुभवी. जॅक्सन तर डेट्रॉइटमध्ये जॉन्सनच्याच हाताखाली खेळलाय, शब्दावली त्याला पाठ असणार. थूनीला गार्ड म्हणून तोड नाही. गेल्या सुपर बोलमध्ये त्याला नाइलाजाने लेफ्ट टॅकलवर, म्हणजे लाइनच्या डाव्या कडेला, उभं केलं, फिलाडेल्फियाने कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक महोम्सला सहा वेळा सॅक केलं आणि 40-22 ने सामना नेला. तिथे दोष जागेचा होता, थूनीचा नव्हता.

नेपरव्हिलकर

@मिशिगनवासी, थँक्सगिव्हिंगचा सामना तुमच्याच डेट्रॉइटमध्ये झाला, तो विसरू नका. मध्यंतराला 16-0 ने मागे असलेला संघ या पोराने 23-20 पर्यंत आणला. लायन्सच्या 25 यार्डांवर चेंडू, एक टाइमआऊट हातात. तो सॅक झाला तेव्हा घड्याळात अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ होता. बाजूला उभ्या प्रशिक्षकाने टाइमआऊट घेतलाच नाही. खेळाडू धडपडत उठून रांगेत येईपर्यंत सेकंद वाहून गेले, शेवटचा लांब पास रिसीव्हर ओडुन्झेपर्यंत पोचला नाही आणि सामना संपला. टाय करायला एक फील्ड गोल पुरला असता. दुसऱ्या दिवशी एबरफ्लस घरी. असल्या नेतृत्वाखाली शिकलेल्या मुलाच्या सवयींचा सगळा हिशेब त्याच्याच नावावर मांडणं अन्याय आहे.

मिशिगनवासी

टाइमआऊट न घेणं ही प्रशिक्षकाची घोडचूक, मान्य. पण त्याआधीचा सॅक? फील्ड गोलच्या टप्प्यात असताना चेंडू बाहेर फेकून द्यायला हवा होता. ते प्रशिक्षकाने मैदानात उतरून करायचं नसतं.

सोल्जर फील्ड पूर्व दरवाजा

मी मिशिगनवासींच्या बाजूने, आणि मी बेअर्सचाच. 2017 मध्ये आम्ही दुसऱ्या क्रमांकावर ट्रुबिस्कीला घेतलं. त्याच ड्राफ्टमध्ये महोम्स दहाव्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता. 2021 मध्ये जस्टिन फील्ड्स, तीन वर्षांत त्यालाही निरोप. दर वेळी हेच ऐकलं: नवा प्रशिक्षक, नवी लाइन, यंदा बघाच. माझ्या मुलाने तीन वेगवेगळ्या क्वार्टरबॅकच्या जर्सी घातल्यात. पहिल्या दहांत वगैरे बोलण्याआधी निदान विसावं तरी येऊन दाखवा.

ओलाइनप्रेमी

वेदना समजते. पण कारचं उदाहरण पुरेसं नाही, कारण गॉफचंच उदाहरण समोर आहे. 2016 मध्ये गॉफ पहिल्या क्रमांकाने रॅम्समध्ये आला, सात सामने सुरुवातीपासून खेळला आणि सातही हरला. लोक त्याला फुकट गेलेला म्हणत होते. 2017 मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून शॉन मॅक्वे आले आणि रॅम्स गुणांमध्ये लीगमध्ये पहिले. क्वार्टरबॅक तोच होता.

मिशिगनवासी

क्वार्टरबॅक तोच, पण भोवतालचा संघ तोच नव्हता ना! लेफ्ट टॅकल व्हिटवर्थ, सेंटर सलिव्हन, रिसीव्हर वुड्स आणि कप, हे सगळे त्याच वर्षी आले.

नेपरव्हिलकर

मग शिकागोने वेगळं काय केलं? लाइनमध्ये तीन नवे. दहाव्या क्रमांकावर टाइट एंड लव्हलंड, दुसऱ्या फेरीत रिसीव्हर बर्डन. मूर, ओडुन्झे, केमेट आधीपासून आहेत. तुम्ही माझाच मुद्दा पक्का केलात.

मिशिगनवासी

एक फरक उरतो, आणि तो लहान नाही. जॉन्सनचं आक्रमण सेंटरच्या मागे अगदी चिकटून उभं राहण्यावर चालतं. चेंडू हातात घ्यायचा, बचावाकडे पाठ करून रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला) देण्याचा आव आणायचा, मग वळून एका क्षणात मैदान वाचायचं. त्या क्षणभरात सेफ्टी (बचावातला सगळ्यात मागचा खेळाडू) कुठे सरकला ते दिसत नाही, ते पावलांच्या तालावरून ओळखावं लागतं. विल्यम्स कॉलेजपासून बहुतेक वेळ शॉटगनमध्ये खेळलाय, पाच यार्ड मागे, सगळं मैदान डोळ्यांसमोर. जॉन्सनने त्याच्यासाठी 70 टक्के पास पूर्ण करायचं लक्ष्य जाहीर केलंय. गेल्या वर्षी तो साडेबासष्टवर होता. पावलं नवी शिकायची आणि अचूकता एवढी वाढवायची, तीही एकाच हंगामात?

ओलाइनप्रेमी

हा या धाग्यातला सगळ्यात वजनदार आक्षेप. 70 मलाही जास्त वाटतं. 65-66 झाले तरी मी समाधानी. पण त्या प्ले-ॲक्शनचा, म्हणजे धावेचा आव आणून फेकलेल्या पासचा, फायदाही बघा. बचाव एक पाऊल धावेकडे गेला की मधली पट्टी मोकळी होते, पास सोपा होतो आणि विल्यम्सला शोधाशोध करत बसावं लागत नाही. चेंडू धरून ठेवणाऱ्याला पहिलंच उत्तर स्पष्ट दिसेल अशी रचना देणं, हाच त्या सवयीवरचा इलाज.

माझी खरी काळजी लेफ्ट टॅकलची आहे. ब्रॅक्स्टन जोन्सचा घोटा डिसेंबरमध्ये मोडला होता, ट्रॅपिलो नवखा आहे. मधले तीन भक्कम आणि डावी कड उघडी, असं झालं तर आंधळ्या बाजूने मार बसतच राहील.

कोथरूडचा रात्रपाळीवाला

4,000 पेक्षा सॅकचा आकडा बघावा असं आता वाटतंय. 68 वरून 40 च्या आत आले तर यार्ड आपोआप वाढतील ना?

नेपरव्हिलकर

अगदी. प्रत्येक सॅक म्हणजे न फेकलेला एक पास आणि वर हरवलेले सहा-सात यार्ड. पण मी 4,000 वर ठाम आहे.

मिशिगनवासी

मी 3,600 आणि लीगमध्ये अठरावं म्हणतो. तुमच्या गटात गेल्या वर्षी लायन्स 15, व्हायकिंग्ज 14, पॅकर्स 11 सामने जिंकलेत, हेही धरा. 8 सप्टेंबरला मिनेसोटाचे ब्लिट्झ (जादा खेळाडू क्वार्टरबॅकवर सोडणं), 14 ला लायन्सचं फोर्ड फील्ड. तिथे तिसऱ्या डाऊनला (तिसऱ्या प्रयत्नाला) पहिला पर्याय बंद झाल्यावर त्याने चार वेळा जरी चेंडू शांतपणे बाहेर फेकला, तर मी इथे येऊन माझा आकडा वाढवेन.

सोल्जर फील्ड पूर्व दरवाजा

मिनेसोटाच्या सामन्याची तिकिटं काढली आहेत. मुलगा विल्यम्सची 18 नंबरची जर्सी मागतोय. घेऊन देतोय.