मदत हवी आहे: मंगळ-शनी दृष्टी तपासताना तुलनेचा गट कसा बनवायचा?

फ्रान्समधले ज्योतिष-संशोधक मिशेल गोकलँ यांनी नागरी नोंदींवरून गोळा केलेल्या खेळाडूंच्या जन्मवेळांवर आपल्या ज्योतिषातली पारंपरिक दृष्टी (ग्रहाची नजर त्याच्या राशीपासून मोजून ठरावीक राशींवर पडते, ही कल्पना) तपासतेय. प्रश्न साधा आहे: मंगळाची चौथी, सातवी किंवा आठवी दृष्टी शनीवर असण्याचं प्रमाण खेळाडूंमध्ये खरंच जास्त आहे का?

ग्रहस्थिती स्विस इफेमेरिस या ग्रहगणिताच्या सॉफ्टवेअरवरून काढली आहे, अयनांश (सायन आणि निरयन राशिचक्रांतला फरक) लाहिरी. दृष्टी राशीवरूनच धरलीय, अंशात्मक नाही. (पुण्यात २००८ साली डॉ. नारळीकरांनी घेतलेली चाचणी ज्योतिषांच्या भाकितांची होती. मला थेट ग्रहस्थिती तपासायची आहे.)

अडलंय ते अपेक्षित प्रमाणावर. बारापैकी तीन राशी म्हणून २५ टक्के धरणं चुकीचं वाटतं. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो आणि मंगळ वक्री झाला (आकाशात उलटा सरकताना दिसला) की एकाच राशीत महिनोन्‌महिने रेंगाळतो. त्यामुळे ठरावीक वर्षांत जन्मलेल्यांचा गट घेतला की आकडा आपोआप वरखाली होतो.

जन्मवेळांची आपसात अदलाबदल करून पाहिली, पण तारीख तीच राहत असल्याने मंगळ-शनी जागचे हलतच नाहीत. दिवस-महिना कायम ठेवून वर्षं बदलली तर ऋतू टिकतो, पण शनी पार दुसऱ्या राशीत जातो. आता प्रत्येक तारीख थोडी मागेपुढे सरकवायचा विचार आहे, म्हणजे शनी जवळपास तिथेच राहील आणि मंगळ सरकेल.

सामान्य लोकांच्या जन्मनोंदी माझ्याकडे नाहीत, त्यामुळे तुलनेचा गट याच माहितीतून बनवावा लागेल. तारखा सरकवायची ही पद्धत संख्याशास्त्रात टिकेल का, आणि मंगळ वक्री असतानाच्या जन्मांसाठी किती दिवस सरकवावं?