मदत हवी आहे: नॉर्थ कॅरोलिनात न्यायाधीशाला मत देताना काय बघता?

अमेरिकेत रॅले-शार्लटकडचे कोणी आहात का इथे? बाकी पदांना मत देताना काही अडत नाही, पण बॅलटवर न्यायाधीशांची नावं आली की हात थांबतो. २०१८ पासून राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या उमेदवारांच्या नावासोबत पण परत पक्ष छापायला लागलेत आणि एकदा निवडून दिलं की ८ वर्षं!

मला जास्त त्रास होतो तो मतदारसंघांच्या केसचा. फेब्रुवारी २०२२ मधे कोर्टाने ४-३ ने सांगितलं की पक्षाच्या फायद्यासाठी मतदारसंघ आखणं राज्याच्या घटनेत बसत नाही, मग नोव्हेंबरच्या निवडणुकीत कोर्टातलं बहुमत डेमोक्रॅट्सकडून रिपब्लिकनकडे गेलं आणि एप्रिल २०२३ ला त्याच केसची परत सुनावणी घेऊन ५-२ ने निकाल फिरवला. घटनेतलं एक अक्षर बदललं नव्हतं हो, फक्त खुर्चीवरची माणसं बदलली. दोन्ही वेळा मतं पक्षाप्रमाणेच पडली, म्हणून कुठल्या एका बाजूला दोष द्यायचा नाहीये मला.

तर पक्ष बाजूला ठेवून माणूस कसा पारखायचा? कोणी वकील असाल तर प्लीज सांगा, आपल्याच पक्षाविरुद्ध गेलेले त्यांचे जुने निकाल कुठे आणि कसे शोधायचे? प्रचाराला पैसा कोणी दिला हे पण बघता का?