चालत्या गाडीत नियम तपासणारा मॉनिटर: गरज की नुसती फॅशन?

कोथरूडचा_कंट्रोलर
चाकणला ब्रेकच्या कंट्रोलरवर काम करतो म्हणून विचारतोय. टेस्ट रिपोर्टवर सही झाली की सगळे मोकळे. माझं म्हणणं, गाडी रस्त्यावर धावत असताना सिग्नल तपासणारा छोटासा मॉनिटर आतच पाहिजे आणि त्याचे नियम टेम्पोरल लॉजिकमध्ये, म्हणजे वेळेबद्दलच्या तर्कशास्त्रात, पाहिजेत. उदा. पेडल दाबलं की दरवेळी 150 मिलिसेकंदांच्या आत प्रेशर वाढलंच पाहिजे. 'दरवेळी', 'इतक्या वेळाच्या आत', 'तोपर्यंत' हे गणितात पक्कं बसवायचं, बाकी काही नाही. संगणकशास्त्रज्ञ अमीर प्नुएलींनी 1977 लाच हे लॉजिक प्रोग्रॅमसाठी वापरून दाखवलं, 1996 ला संगणकशास्त्रातलं सर्वोच्च ट्युरिंग अवॉर्डही मिळालं, आणि आपण अजून एक्सेलमध्ये "ब्रेक तत्काळ लागावा" लिहितोय. तत्काळ म्हणजे किती ते लिहिणाऱ्यालाच विचारा!

टेस्टिंगवाला_दादा
आणि 150 कुठून आणलेत? थंडीत सकाळी सेल्फ मारला की बॅटरीचं व्होल्टेज पडतं, कॅन बसवर, म्हणजे गाडीतले कंट्रोलर जोडणाऱ्या वायरवर, मेसेज उशिरा येतो, ब्रेक ठणठणीत असतो पण तुमचा मॉनिटर बोंबलणार. लांडगा आला रे आला चार वेळा झालं की कुणीतरी गुपचूप 150 चे 400 करतं, मी पाहिलंय हे होताना, मग त्या लॉजिकची काय पूजा घालायची? आणि बोंबलल्यावर करायचं काय? बोरघाटात उतारावर मागे ट्रक असताना मोटर बंद करणार का?

सीओईपीची_मुलगी
एक गोष्ट दोघांनीही सोडली. सगळे नियम चालू असताना तपासता येतच नाहीत. "दार उघडं असताना मेट्रो हलू नये" हा मोडला की त्याच क्षणी कळतं. पण "विनंतीला कधीतरी उत्तर येईल" हा मोडला असं मॉनिटर कधीच म्हणू शकत नाही, उत्तर पुढच्या क्षणी येईलही. म्हणून खरं, खोटं आणि 'अजून सांगता येत नाही' अशी तीन उत्तरं ठेवतात. वेळेची मर्यादा घातली की सुटतं, पण मग दादांचा आकड्याचा प्रश्न परत आलाच.

कोथरूडचा_कंट्रोलर
आकडा बरोबर पाहिजे हे मान्यच, पण तो लिहिलेला असला तरच त्यावर भांडता येतं ना. शिवाय सिग्नल टेम्पोरल लॉजिकमध्ये (सतत बदलणाऱ्या सिग्नलसाठीचा त्याचाच प्रकार) नियम किती जेमतेम पाळला तेही आकड्यात मिळतं, म्हणजे प्रेशर वाढायला लागणारा वेळ 120 वरून 140, 148 मिलिसेकंद असा सरकायला लागला की गाडी आधीच सर्व्हिसिंगला बोलवा. आणि मोटर बंद करा असं मी कुठे म्हटलं? नियम मोडला की हुशार कंट्रोलरकडून ताबा काढून साध्या, नीट तपासलेल्या कंट्रोलरकडे द्यायचा. सिम्प्लेक्स म्हणतात त्याला, जुनी पद्धत आहे.

टेस्टिंगवाला_दादा
वेळेचा नियम असूनही काय होतं ते ऐका. ऑक्टोबर 2008, क्वांटासचं 72 नंबरचं फ्लाइट, सिंगापूरहून पर्थला, एअरबस ए330. विमानाचा हवेशी कोन सांगणाऱ्या डेटामध्ये खोटे झटके आले. झटका आला की 1.2 सेकंद जुनीच व्हॅल्यू धरून ठेवायची अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये होती. दुसरा झटका बरोबर 1.2 सेकंदांनी आला, तो खरा धरला गेला, नाक खाली, शंभरावर लोक जखमी. नियम होता, आकडाही होता.

कोथरूडचा_कंट्रोलर
अहो ही तर माझ्याच बाजूची केस! "खोट्या झटक्यामुळे नाक कधीच खाली जाऊ नये" हे लॉजिकमध्ये लिहून मॉडेल चेकरला, म्हणजे डिझाइनच्या सगळ्या शक्यता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला, दिलं असतं तर दोन झटक्यांचं उदाहरण त्यानेच काढून दिलं असतं.

टेस्टिंगवाला_दादा
म्हणजे टेबलावर बसून, विमान उडायच्या आधी. मग रनटाइमचा, चालू असताना तपासायचा मुद्दा तुम्हीच सोडलात की राव.

सीओईपीची_मुलगी
सोडला कसा? तोच नियम आधी मॉडेलवर चालवायचा आणि मग त्यातूनच मॉनिटरचा कोड जनरेट करायचा, नियमातून असा कोड काढायचं काम नासाचं कोपायलट नावाचं टूल करतं. आधी मॉडेल तपासलं तरी खरा सेन्सर मॉडेलसारखा वागेलच याची गॅरंटी कोण देणार?

टेस्टिंगवाला_दादा
ठीक, पण माझी अट एकच. मॉनिटर वेगळ्या चिपवर, वेगळ्या घड्याळावर, वेगळ्या सप्लायवर. त्याच मायक्रोकंट्रोलरवर कोंबलात तर घड्याळ अडकलं की दोघंही एकदम गप्प, नियम मोडल्याचं सांगायलाही कुणी नाही. आता ही दुसरी चिप तुमच्या पर्चेसवाल्याकडून पास करून आणा, मग बोलू.