हॉस्पिटलमध्ये हृदय थांबलं तर सीपीआर (छाती दाबून हृदय पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न) द्यायचा का, हे आधी विचारावं की नाही?

विसूनाना
मावशी ८४ वर्षांची, कॅन्सर यकृतापर्यंत गेलेला. दाखल करताना ढीगभर कागदांवर सह्या घेतल्या, पण हृदय थांबलं तर काय करायचं, हे कुणीच विचारलं नाही. पहाटे ते थांबलं. पाऊण तास छाती दाबली, बरगड्या मोडल्या, ठोके परत आले, आणि दुसऱ्या दिवशी व्हेंटिलेटरवर असतानाच ती वारली.

आकडे लपवून कुणाचं भलं होतं? अमेरिकेतल्या मोठ्या नोंदणीत हॉस्पिटलमध्ये हृदय थांबलेल्यांपैकी २००० साली जेमतेम १४ टक्के घरी गेले, २००९ साली २२. सगळी साधनं हाताशी असताना ही गत. लोकांच्या डोक्यात मात्र टीव्ही. १९९६च्या एका अमेरिकी अभ्यासात तिथल्या मालिकांमधले दोन तृतीयांश पेशंट वाचत होते! आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२० मध्ये डीएनएआरची, म्हणजे सीपीआर न देण्याच्या निर्णयाची, मार्गदर्शक तत्त्वं काढली. मग घोडं कुठं पेंड खातंय? दाखल करतानाच विचारा.

आयसीयूवाला
नाना, मावशींबद्दल वाईट वाटलं. पण २२ टक्के हा सरासरीचा आकडा आहे, कुठल्याच एका पेशंटचा नाही. विजेचा शॉक देऊन सुधारण्याजोगा रिदम, म्हणजे ठोक्यांचा प्रकार, असेल आणि २ मिनिटांच्या आत शॉक मिळाला तर ३९ टक्के घरी जातात, उशीर झाला तर २२. हा २००८चा अभ्यास, तोही अमेरिकेतलाच. मॉनिटरवर सरळ रेघ असेल तर आकडा फार खाली जातो. अँजिओप्लास्टी चालू असताना थांबलेलं हृदय वेगळं, सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून, सगळे अवयव बसल्यावर थांबलेलं वेगळं. काउंटरवर यातला कोणता आकडा सांगू? पन्नाशीतला हार्ट अटॅकचा पेशंट, बायकोने घाबरून 'नको'वर सही केलीय, म्हणून मी हात बांधून उभा राहू?

विसूनाना
पन्नाशीतल्या माणसाचा विषय मी काढलाच नव्हता.

आयसीयूवाला
फॉर्म आला की तो सगळ्यांसमोर सरकवला जातो.

रात्रपाळी
दोघेही सहीवर भांडताय. जरा वॉर्डात या. रात्री तीस खाटांना दोन सिस्टर. पेशंट मऊ गादीवर. पाठीखाली फळी सरकवेपर्यंत आपण छाती नाही, गादीच दाबत असतो. मिनिटाला १०० ते १२०च्या वेगाने दाबायचं, दोन मिनिटांत दंड भरून येतात, बदलीला माणूस नाही. घशात नळी घालताना लागतो त्या लॅरिंगोस्कोपचा दिवा नेमका तेव्हाच लागत नाही. अमेरिकेतही रात्री थांबलेल्यांपैकी १५ टक्केच वाचले, दिवसा-संध्याकाळी २०.

आणि एक कुणी बोलत नाही ते सांगते. वाचणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं, नातेवाईक दाराशी असतात, म्हणून दहा मिनिटं नुसतं दाबल्यासारखं करायचं. फाईलवर मात्र 'पूर्ण प्रयत्न केले'. त्यापेक्षा विचारलेलं शंभर पटीने बरं.

वकीलकाकू
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. आपल्याकडे 'वाचायची शक्यता किती'च्या मागोमाग 'खर्च किती' येतो. म्हातारीच्या नावावर फ्लॅट असेल तर आणखी काय काय येतं, ते मी कोर्टात बघते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली; आता नोटरीसमोरही करता येतं. पण ते स्वतः पेशंटने, शुद्धीत असताना करायचं. नाना, 'कुणीच विचारलं नाही' म्हणजे तुम्हाला. मावशींना विचारलं होतं का कुणी?

विसूनाना
तिच्यासमोर कॅन्सरचं नावसुद्धा काढायचं नाही, अशी काकांची ताकीद होती. घराघरात हेच चालतं. म्हणून तर म्हणतो, डॉक्टरांनी विचारावं.

आयसीयूवाला
वा! घरच्यांनी लपवायचं आणि आम्ही पहिल्याच भेटीत मरणाचं बोलायचं? पसरलेला कॅन्सर, अंथरुणाला खिळलेला पेशंट, अशा वेळी मी विचारतो. पण दाखल करताना नाही. एक-दोन दिवसांनी, पेशंट बोलण्याच्या स्थितीत असेल तर आधी त्यालाच, मग निर्णय घेणाऱ्या नातेवाईकाला केबिनमध्ये बसवून. डीएनएआर म्हणजे औषधपाणी बंद नाही, हे तीनतीनदा सांगावं लागतं, तरी 'म्हणजे सोडून दिलंत का?' येतंच. छापील फॉर्मला माझा विरोध कायम.

रात्रपाळी
बोलणं झालं की फाईलवर लिहा तेवढं, डॉक्टर. तोंडी ठरलेलं रात्रपाळीला कळत नाही, आणि मग आम्ही दाबत बसतो.