उत्साहाने घेतलेली आणि माळ्यावर गेलेली यंत्रे : आपले अनुभव

वेताळटेकडी
आमच्या इमारतीचा पुनर्विकास होणार असल्यामुळे सध्या प्रत्येक घरात माळे रिकामे करण्याचे काम चालू आहे. आमच्या माळ्यावरून वडिलांनी १९८०च्या दशकात मोठ्या हौसेने घेतलेला सौरकुकर खाली उतरला, आणि तो मुळात वर का गेला असावा याचा विचार करता करता हा धागा काढावासा वाटला.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोठ्या सुटकेसच्या आकाराची पेटी, आत काळा रंग दिलेला पत्रा, त्यावर दुहेरी काच, उघड्या झाकणाला आतून आरसा आणि बाहेरून काळे रंगवलेले चार डबे, असे त्याचे स्वरूप होते. केंद्र सरकारने १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जा स्रोतांसाठी स्वतंत्र विभाग काढल्यानंतर या कुकरचा बराच प्रचार झाला आणि त्यावर अनुदानही मिळत असे.

महत्त्वाचे म्हणजे तो उत्तम चालत असे. दोन-अडीच तासांत वरण, भात आणि उकडलेले बटाटे तयार होत, काहीही करपत नसे, आणि त्यात भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट आई मुद्दाम उपवासासाठी राखून ठेवत असे. तरीही तो बंद पडला. वडिलांचा डबा सकाळी आठच्या आत भरावा लागे, आणि ऊन आमच्या गच्चीवर कामाला लागे ते दहानंतर. रविवारी सगळे घरी असत हे खरे, पण रविवारी घराला फोडणीचे आणि तळणीचे खायचे असे, आणि त्या पेटीत ना फोडणी होत असे ना तळण. पुढे शेजारी उंच इमारत उभी राहिली आणि गच्चीवरचे ऊनही गेले, परंतु तोवर कुकर माळ्यावर गेलेलाच होता.

माझे मत असे की अशी बहुतेक यंत्रे बिघडल्यामुळे नव्हे, तर घराच्या वेळापत्रकात किंवा जागेत न बसल्यामुळे वापरातून जातात. आपापल्या घरातील यंत्रांविषयी लिहावे, ही विनंती. किंमत आणि हळहळ थोडक्यात आटोपून ते वापरातून का गेले याचे कारण लिहिले, तर वाचायला अधिक मजा येईल.

दुपारचा चहा
पोळीयंत्र. याहून अधिक काही लिहिण्याची गरज नाही असे वाटते, तरी लिहिते.

दुकानातील प्रात्यक्षिकात त्या मुलीने गोळा ठेवला, झाकण दाबले आणि पोळी टम्म फुगली. घरी ती फुगली नाही. पुढे समजले की त्या यंत्राला नेहमीपेक्षा बरीच सैल कणीक लागते, ती मळून चांगली मुरू द्यावी लागते, गोळा मध्यभागी न ठेवता बिजागरीच्या बाजूला किंचित सरकवून ठेवावा लागतो आणि दाब क्षणभरच द्यायचा असतो. हे सगळे जमले तरी हाती येतो तो फुलका. आमच्याकडे तेल लावून घडी घातलेली पोळी खातात, आणि तिचे पदर कोणत्याही दोन तव्यांच्या मध्ये दाबून निघत नाहीत. जरा वेळ जास्त गेला की त्याचा पापड होतो. सासूबाईंनी एकदा तो कुस्करून त्यावर दही घातले आणि अतिशय शांतपणे खाल्ला.

कणीक मळणे आणि गोळे करणे ही दोन्ही कामे शेवटी आपल्यालाच करायची असतील, तर उरलेले लाटणे हे काही डोंगराएवढे काम नव्हे, असा माझा निष्कर्ष आहे.

सातवा मजला
ट्रेडमिलवर कपडे वाळत घालण्याचा विनोद सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे तो टाळतो. आमची ट्रेडमिल वेगळ्याच कारणाने थांबली. मी पहाटे धावू लागलो की सहाव्या मजल्यावरील आजोबांच्या छतावर धपधप आवाज होत असे. ते अतिशय सज्जन गृहस्थ असल्यामुळे त्यांनी तक्रार केली नाही. फक्त जिन्यात भेटल्यावर, “आज बराच वेळ पळलात,” असे म्हणाले. मी खाली रबराची जाड चटई घातली, वेळ संध्याकाळची केली, परंतु संध्याकाळी ज्या खोलीत ती उभी होती तिथे मुलीचा अभ्यास असे. आता मी सोसायटीच्या आवारात चालतो आणि आजोबाही बरोबर येतात.

जुनी वही
@सातवा मजला, आपल्या यंत्राचा पूर्वज शिक्षेसाठीच प्रसिद्ध होता. विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने १८१८च्या सुमारास तुरुंगातील कैद्यांसाठी पायऱ्यांचे फिरते चाक बनवले. कैदी त्यावर तासन्‌तास चढत राहत आणि त्या श्रमावर काही ठिकाणी धान्य दळले जाई, तर काही ठिकाणी पाणी उपसले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कायद्याने ही शिक्षा बंद झाली. त्यामुळे कंटाळा येणे हा आपला दोष नसून त्या यंत्राचा मूळ गुणधर्म आहे, असे समजावे.

पिंपळपार
धान्य दळण्याचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. आमची घरघंटी मात्र रोज नसली तरी दर आठवड्याला चालते, आणि त्याचे कारण आमचा उत्साह नसून जवळची गिरणी बंद झाली हे आहे. गिरणी चालू होती तोवर घरघंटीवर झाकण म्हणून शिवलेले कापड होते आणि त्यावर फुलदाणी होती. गिरणीवाल्या काकांनी वयामुळे गाळा विकला आणि त्यानंतर आम्ही जाळ्या बदलून बारीक आणि जाडे दळायला शिकलो. भाजणी, बेसन आणि इडलीचा रवा आता घरीच होतो. आवाज पुष्कळ होतो, त्यामुळे दुपारच्या झोपेची वेळ टाळावी लागते.

दुपारचा चहा
@पिंपळपार, भाजणी दळताना यंत्र तापून पिठाला वास लागत नाही का? आमच्या जाऊबाईंचा तसा अनुभव आहे.

पिंपळपार
@दुपारचा चहा ताई, भाजलेले धान्य पूर्ण गार झाल्याशिवाय घालायचे नाही आणि एका वेळी थोडेच घालायचे. थालीपिठाची भाजणी जराशी जाडसर ठेवावी, म्हणजे यंत्रही कमी तापते.

उत्तरध्रुव
माझी दुर्बीण. २१ डिसेंबर २०२० रोजी गुरू आणि शनी आकाशात इतके जवळ आले की दोन्ही ग्रह दुर्बिणीच्या एकाच दृष्टिक्षेत्रात मावत होते. १६२३ नंतर ते इतके जवळ आले नव्हते, असे सगळीकडे छापून येत होते, आणि घरी बसून कंटाळलेल्या आमच्या कुटुंबाने ११४ मिलिमीटर आरशाची दुर्बीण मागवली. खोक्यावर ६७५ पट मोठे दिसते असे लिहिले होते. आरशाचा व्यास जितके मिलिमीटर असेल त्याच्या साधारण दुपटीपलीकडे मोठेपणा वाढवून उपयोग नसतो, म्हणजे आमच्या दुर्बिणीची मर्यादा २२८ पटींच्या आसपास आहे. त्यापुढे प्रतिमा फक्त मोठी आणि पुसट होत जाते.

तरीही त्या संध्याकाळी शनीचे कडे आणि गुरूचे चंद्र एकाच वेळी पाहून आमची आई जे काही पुटपुटली, त्यासाठी सगळे पैसे वसूल झाले, असे मी आजही मानतो. अडचण त्यानंतर सुरू झाली. तिची बैठक विषुववृत्तीय प्रकारची आहे, आणि ती नीट चालण्यासाठी तिचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. ध्रुवतारा क्षितिजापासून किती उंच दिसेल हे त्या जागेच्या अक्षांशावर ठरते. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश असल्यामुळे ध्रुव इथे मुळातच खाली दिसतो आणि आमच्या उत्तरेला बारा मजली इमारत आहे. प्रत्येक वेळी तो जड तिपाई-डोलारा गच्चीवर न्यायचा, अंदाजाने ध्रुव धरायचा आणि तोवर पाहायचा तारा त्याच इमारतीमागे गेलेला असायचा. दुर्बीण आता बैठकीच्या खोलीत शोभेला उभी आहे.

रात्रपाळी
@उत्तरध्रुव, ध्रुवाचा नाद सोडून द्यावा. घरी सहज पाहण्यासाठी अक्ष अगदी बिनचूक लागत नाही. होकायंत्राने अंदाजे उत्तरेकडे रोखला तरी चंद्र आणि ग्रह मजेत दिसतात, अधूनमधून हाताने सरकवावे लागते इतकेच. चंद्र पौर्णिमेला पाहू नये. तेव्हा सगळे सपाट आणि डोळे दिपवणारे दिसते. शुद्ध अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि तेव्हा खरी गंमत असते. विकण्याचा विचार असल्यास मला व्यक्तिगत निरोप पाठवावा.

उत्तरध्रुव
@रात्रपाळी, आपला प्रतिसाद वाचून आईने विकण्यास नकार दिला आहे.

किनारपट्टी
गोव्यातून लिहितो. आमच्याकडे नारळाशिवाय जेवण होत नाही, म्हणून बहिणीने हाताने फिरवायचे नारळ खवण्याचे यंत्र भेट दिले. त्याच्या तळाशी रबराची वाटी असते आणि खटका दाबला की ती ओट्याला घट्ट धरते, अशी कल्पना आहे. ती गुळगुळीत काचेवर किंवा ग्रॅनाइटवर खरोखर धरते. आमच्या ओट्याला फरशांचे सांधे आहेत आणि लाकडी टेबलाला जुन्या सुरीचे चरे आहेत, त्यामुळे हवा आत शिरते आणि ऐन रंगात यंत्र, नारळाची कवड आणि हात असे तिघेही निरनिराळ्या दिशांना जातात. आई खाली आदोळीवर, म्हणजे खवणी असलेल्या विळीवर, बसून त्याच वेळेत अख्खा नारळ खवून उठते. गुडघे दुखू लागल्यावर तिलाही उभ्याने खवणे सोयीचे पडेल हे मला मान्य आहे, आणि त्यासाठी आधी ओटा बदलावा लागेल.

वाटीचमचा
भांडी धुण्याच्या यंत्राबद्दल कोणीच लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते. २०२० मध्ये कामाच्या मावशी येणे बंद झाले तेव्हा आमच्या ओळखीतील कितीतरी घरांनी हे यंत्र घेतले. पहिले काही महिने आम्ही त्याची आरती ओवाळणेच बाकी ठेवले होते. मावशी परत आल्यावर त्याचा वापर हळूहळू घटला. मावशींनी ते उघडून पाहिले, त्यातील एक पातेले बाहेर काढून नखाने खरवडले आणि, “हे मी परत घासते,” एवढेच म्हणाल्या.

यंत्राची बाजूही मांडते. बोअरच्या जड पाण्यासाठी त्यात खास मीठ भरावे लागते आणि ते संपले की काचेच्या भांड्यांवर पांढरे डाग पडतात. लोखंडी तवा गंजतो, ॲल्युमिनियमचा कुकर काळवंडतो, तांब्या-पितळेचे काही घालता येत नाही. म्हणजे आमच्या ओट्यावरची निम्मी भांडी बाहेरच राहतात. शिवाय एका फेरीला दोन तासांहून अधिक वेळ लागतो, आणि दुधाचे पातेले नेमके तेव्हाच हवे असते. ज्यांच्याकडे स्टीलची आणि काचेची भांडी भरपूर आहेत आणि दिवसातून एकदाच भांडी लावून चालते, त्यांच्याकडे ते उत्तम चालते, हे माझ्या भावाच्या घरी पाहिले आहे.

दोन खंड
आमची व्यथा विजेच्या दाबाची आहे. भारतात २३० व्होल्ट आणि अमेरिकेत १२० व्होल्ट, हे ठाऊक असूनही दोन्हीकडचे नातेवाईक प्रेमापोटी दुर्लक्ष करतात. मी इकडून नेलेले वॉफल करायचे यंत्र काकूंनी नागपूरला थेट भिंतीत लावले आणि एका ‘फट्’ आवाजात विषय संपला. उलट दिशेने आईने पाठवलेला मिक्सर इथे इतका हळू फिरतो की खोबरे दमून जाते. मधे ट्रान्सफॉर्मर लावता येतो, परंतु तापणाऱ्या यंत्रांना पुरेल असा ट्रान्सफॉर्मर यंत्राहून जड असतो. इकडच्या मराठी घरांत मनापासून वापरले जाणारे एकमेव नवे यंत्र म्हणजे विजेचा बहुउपयोगी कुकर, आणि तोही मुख्यतः थंडीत दही लावण्यासाठी.

जुनी वही
@वेताळटेकडी, आपल्या सौरकुकरच्या कारणाला पुष्टी देणारे एक उदाहरण आठवले. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाने २००९ मध्ये प्रसादालयाच्या गच्चीवर ७३ मोठ्या परावर्तक तबकड्या बसवल्या. तबकड्या सूर्याबरोबर फिरतात, उन्हाने वाफ तयार होते आणि ती नळांतून खाली स्वयंपाकघरात येते. आचाऱ्याला गच्चीवर जावे लागत नाही, आरसा वळवावा लागत नाही, आणि ऊन कमी पडले तर वाफेची दुसरी सोय असते. ऊन तेच, परंतु तिथे त्याला आचाऱ्याच्या वेळेप्रमाणे वागायला लावले आहे.

वेताळटेकडी
@जुनी वही, फार चांगले उदाहरण दिलेत. आमच्याकडे आरसा वळवण्याचे काम माझ्याकडे होते आणि मी त्या वेळी गच्चीवर पतंग उडवत असे, हे वडिलांना शेवटपर्यंत कळले नाही.

पाना-पक्कड
मी मिक्सर आणि घरगुती उपकरणे दुरुस्त करतो, म्हणून दुकानातील निरीक्षण नोंदवतो. चटणीचे लहान भांडे झिजलेले, पाते बोथट झालेले, झाकण फुटून दोरीने बांधलेले, अशा स्थितीत येते. त्याच मिक्सरचे फळांचा रस काढायचे भांडे मात्र अनेकदा प्लास्टिकच्या पिशवीसकट येते, कारण ग्राहक “सगळे एकदम तपासून घ्या” म्हणतात. रसाच्या भांड्याची बारीक जाळी धुण्यास रस पिण्यापेक्षा अधिक वेळ लागतो, हे त्यामागचे कारण मला वाटते. फूड प्रोसेसरमध्ये कणीक मळायचे पाते वापरलेले दिसते, काप करायच्या चकत्या कोऱ्या असतात.

ऑक्सिजन आणि रक्तदाब मोजायची यंत्रेही पुष्कळ येतात. त्यांत बहुधा बिघाड नसतो; सेल आत ठेवून यंत्र कपाटात टाकलेले असते आणि सेल पाझरून टोके गंजलेली असतात. वापरणार नसाल तेव्हा सेल काढून ठेवावेत.

दुपारचा चहा
@पाना-पक्कड दादा, पोळीयंत्राच्या तव्यांवरचा लेप निघाला असल्यास तो पुन्हा लावून मिळतो का? बहिणीला ते हवे आहे.

पाना-पक्कड
@दुपारचा चहा ताई, लेप लावून देणारे असतात, पण खर्च पाहता परवडत नाही. आपल्या यंत्राचा लेप मुळात निघालाच कसा, हे मात्र वरचा अनुभव वाचून समजले नाही.

दुपारचा चहा
त्यावर धिरडी उत्तम होतात.