झाकली मूठ, हुकमाचं पान आणि परजलेली तलवार

प्रश्न : शत्रूपेक्षा सरस अस्त्र हाताशी असताना ते मुद्दाम दडवून ठेवायचं, याला 'झाकली मूठ सव्वा लाखाची' म्हणता येईल का? एका लेखात तसं वाचलं आणि खटकलं. उलट, ते दाखवून मिरवायचं असेल तर शस्त्र 'परजणे' की 'पाजळणे'?

प्रतिसाद : खटकलं ते योग्यच. ही मूठ झाकतात ती आत फारसं काही नसतं म्हणून. १९५५ साली मॉस्कोच्या हवाई संचलनात सोव्हिएतांनी तीच मोजकी बॉम्बर विमानं पुन्हा पुन्हा फिरवून आणली आणि अमेरिकेनं ताफ्याचा अंदाज भलताच फुगवला. ही खरी झाकली मूठ, तीही भर प्रदर्शनात! सरस अस्त्र दडवणं म्हणजे हुकमाचं पान राखून ठेवणं.

पाजळणे म्हणजे मुळात पेटवणे, दिवा पाजळतात. शस्त्र पाजळणे म्हणजे त्याला धार नि चकाकी आणणे, ते घरातही होतं. परजणे म्हणजे हातात घेऊन फिरवणे, म्हणजे समोरच्याला दिसणारच. तेव्हा परजणे. ('अक्कल पाजळणे'त प्रदर्शन आहे खरं, पण कुत्सित.)

प्रतिसाद : हुकमाचं पान ठीक, पण थोडं अपुरं. खेळलेलं पान प्रतिपक्षाला छापून घेता येत नाही, अस्त्राची मात्र नक्कल होते. ब्रिटिशांकडे रडारला चकवणाऱ्या कागदी पट्ट्या होत्या: एका बाजूला ॲल्युमिनियमचा वर्ख, २७ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद. विमानातून गठ्ठे सोडले की रडारवर नुसता गोंधळ. तरी त्या जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवरच्या हल्ल्यापर्यंत वापरल्या नाहीत. का, तर खाली पडलेली पट्टी जर्मन उचलतील आणि आपल्यावरच उलटवतील. गंमत म्हणजे जर्मनांनाही ही युक्ती ठाऊक होती आणि त्यांनीही ती त्याच भीतीनं दडवली होती. दोघांच्या हातात एकच हुकूम, आणि दोघेही गप्प!

लक्ष्याजवळ पोचताच तोफगोळा आपोआप फोडणाऱ्या फ्यूजचंही (स्फोट घडवणाऱ्या कळीचंही) तेच. अमेरिकेनं तो १९४३ पासून आधी समुद्रावर वापरला, कारण न फुटलेला गोळा तिथे बुडतो. युरोपातल्या रणभूमीवर तोफखान्यानं तो वापरला तो डिसेंबर १९४४ मध्ये.

प्रश्नकर्ता : मग दाखवायचं कधी?

प्रतिसाद : धाक बसवायचा असेल तेव्हा. न दिसलेल्या गोष्टीचा धाक बसत नाही. माझ्या मते कसोटी सोपी आहे: ज्यावर उतारा चटकन निघेल ते लपवावं, ज्यावर उतारा नाही ते परजावं. अण्वस्त्रधारी पाणबुडीत दोन्ही साधतं. अरिहंतची पहिली गस्त पूर्ण झाल्याचं नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केलं. ती कुठल्या पाण्यात फिरली, ते नाही.

वृत्तपत्री 'प्रतिरोधन'पेक्षा (इंग्रजी 'डिटरन्स') इथे 'धाक' किंवा 'वचक' लिहा. 'दहशत' नको, ती माजते. धाक बसतो आणि वचक राहतो. तुम्ही वाचलेल्या लेखातलं वाक्य असं करता येईल: 'क्षेपणास्त्र परजून धाक बसवला, पण हुकमाचं पान राखून ठेवलं.'